टाक्यातलं खोकड

अण्णा आमच्याकडे येऊन दोन महिने झाले होते आणि त्यांनी बाल्कनीचं दार एकदाही उघडलं नव्हतं. शारजात अल नहदाला चौदाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. समोर तसाच एक टॉवर, त्याच्या काचांमध्ये आमचा टॉवर दिसतो. सकाळी माझा नवरा निखिल, मी आणि आमची रिया आपापल्या दिशेने निघालो की अण्णा सोफ्याच्या एका टोकाला बसायचे, आणि संध्याकाळी आम्ही परत यायचो तेव्हाही त्याच टोकाला असायचे. टीव्ही बंद. वर्तमानपत्राची घडी तशीच. जेवायला बसले की अर्धी भाकरी खायची आणि विचारायचं, "तिकीट कधीचं हाय म्हणालास?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. राधानगरीच्या जंगलात वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. पाय जंगलात मुरलेले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेल्या. त्यानंतर सहा महिने ते गावी एकटे राहिले आणि मग निखिल जाऊन त्यांना घेऊन आला. तिकीट मार्चअखेरचं होतं. त्याआधी ते इथे रुळतील, मग आपण व्हिसाचं बघू, असं निखिलचं म्हणणं. मला ते रुळताना दिसत नव्हते. दिवसेंदिवस कमी होताना दिसत होते.

फेब्रुवारीत रियाच्या शाळेला सुट्टी लागली. निखिलच्या ऑफिसमधल्या कोणी तरी रास अल खैमाच्या डोंगरात वर, एका पठारावर, एका स्थानिक म्हाताऱ्याच्या शेतात राहून आल्याचं सांगितलं. दोन दगडी खोल्या, आजूबाजूला बाकी काही नाही. निखिलने लगेच ठरवलं, आणि आदल्या दिवशी त्याचं ऑडिट पुढे आलं. तो म्हणाला, तुम्ही जा.

तुम्ही म्हणजे मी, तेरा वर्षांची रिया आणि अण्णा. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण अण्णा आणि मी असे दोघंच कधी एका खोलीतसुद्धा फार वेळ बसलो नव्हतो. बोलायचं ते आईंच्या मार्फत. आता त्या मधल्या माणसाशिवाय तीन दिवस, आणि गाडी मी चालवणार. मनातून मला रद्दच करायचं होतं. पण सकाळी सहाला उठून बाहेर आले तर अण्णा टोपी घालून, पायात बूट चढवून दाराशी उभे होते. बूट जंगलखात्यातले, जुने. ते त्यांनी गावाहून आणले होते हे मला माहीतही नव्हतं.

पठार

हायवेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डोंगर सुरू झाला तशी अण्णांनी काच खाली केली. सह्याद्री ज्यांनी पाहिलाय त्यांना हा डोंगर आधी ओळखीचा वाटत नाही. काळा कातळ नाही, झाडी नाही. करड्या, पिवळट चुनखडीचे थर एकावर एक रचलेले, आणि त्यांच्यामधून रस्ता वळत वळत वर जातो. अण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ह्यो डोंगर कधीतरी पाण्याखाली हुता." मला वाटलं, उगाच म्हणाले असतील. दुसऱ्या दिवशी रियाला एका दगडात अख्खा शिंपला सापडला, दगडच झालेला.

डांबरी रस्ता संपला तिथे अबू सालेम पिकअप घेऊन थांबले होते. सत्तरीचे असतील. सडपातळ, पांढरी दाढी, पायघोळ अरबी झगा, कंदुरा, गुडघ्याजवळ खोचलेला आणि हातात एक काठी. काठीच्या टोकाला मुठीएवढी लहानशी कुऱ्हाड. या डोंगरातल्या पुरुषांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची काठी आहे, असं पुढे कळलं. मी इंग्रजीत सुरुवात केली तर त्यांनी हात हलवला. "हिंदी बोलो, हिंदी. मेरा हिंदी बंबई का है." विशीत असताना वडलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते मुंबईत चार महिने राहिले होते. तेव्हाची हिंदी त्यांनी जपून ठेवली होती, आणि त्यात मधूनमधून "खलास" आणि "इन्शाल्ला" येत होतं. अण्णांची हिंदी कोल्हापूरची. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं असं नाही, पण दोघांची अडचणही होत नव्हती. अण्णांनी काठी मागून घेतली, तोलून पाहिली, कुऱ्हाडीच्या धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि मान डोलावून परत दिली.

पिकअपच्या मागोमाग कच्च्या रस्त्याने आम्ही वर पोचलो आणि डोंगर एकदम सपाट झाला.

आमच्याकडे अशा जागेला सडा म्हणतात. उंचावरचा उघडा, सपाट कातळ, त्यावर बोटभर माती आणि सगळीकडून वारा. राधानगरीच्या वरचे सडे लाल जांभ्याचे असतात, हा करडा होता. पण चाल तीच. हिवाळ्यात इथे दोन-तीनदा पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे दगडांच्या फटीफटीतून हिरवं उगवलेलं. जांभळ्या तुऱ्यांची रानटी लॅव्हेंडर गुडघ्यापर्यंत वाढली होती आणि वारा आला की तिचा उग्र वास येई. उतारावर दगडी बांध घालून केलेली लहान लहान शेतं. कधीकाळी त्यांत गहू आणि बार्ली पिकायची. आता बहुतेक पडीक, फक्त अबू सालेम दोन पट्ट्यांत हट्टाने पेरतात. त्यांची मुलं खाली शहरात मोठ्या घरांतून राहतात. बायको मात्र हिवाळाभर वरून हलत नाही, आणि बायको हलत नाही म्हणून मी हलत नाही, असं ते म्हणाले.

अण्णा गाडीतून उतरले, पाच-सहा पावलं पुढे गेले आणि उभे राहिले. मी सामान काढत होते. मागे वळून पाहिलं तर ते बुटाच्या टोकाने माती उकरून बघत होते.

पहिल्या दिवशी एवढंच झालं की आम्ही डिकी उघडी टाकून खोल्या बघायला गेलो आणि शेळ्यांनी बाकरवडीचं अख्खं पाकीट संपवलं. शिवाय रियाने प्रिंट करून आणलेली पक्ष्यांची यादीही. एक करडी शेळी यादीचं शेवटचं पान चघळत आमच्याकडे बघत होती. रिया रडकुंडीला आली. "आजोबा, शी एट द वल्चर्स!" अण्णा म्हणाले, "खाऊ दे. यादी कशाला लागती? दिसंल ते बघायचं." आणि मला म्हणाले, "तिखट लागली नसंल का गं तिला?"

दोन महिन्यांत त्यांनी मला स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

चुका

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बांधाबांधाने निघालो. मी आजवर असं चालले नव्हते. अण्णा वीस पावलं चालायचे आणि थांबायचे. थांबले की आम्हीही थांबायचं, आणि मग हळूहळू दिसायला लागायचं. दगडाच्याच रंगाचा एक चंडोल शेजारच्या दगडावर आधीपासून बसलेला. काळापांढरा गप्पीदास शेपूट हलवत बांधावरून बांधावर. तित्तरांची एक जोडी आणि मागे धावणारी सात पिल्लं, आम्ही हललो तशी दगडांत विरघळली. निळ्या शेपटीचा एक सरडा उन्हाला पडला होता. रियाचं बोट वर जायच्या आत अण्णांनी ते हळूच धरून खाली केलं.

वर आभाळात एक पांढरं गिधाड घिरट्या घालत आलं. पिवळं तोंड, पंखांची काळी किनार. अण्णांनी टोपी काढली, डोळ्यांवर हात धरला. आमच्याकडे गावाबाहेर जनावर टाकलं की ही पंधरा-वीस उतरायची, त्यांनी रियाला सांगितलं. नोकरी संपता संपता एकही दिसेनासं झालं. ते गिधाड कड्याआड जाईपर्यंत अण्णा बघत राहिले. रियाने विचारलं की ती सगळी इकडे आली का. ते म्हणाले, असं नसतं बाळा, पण तसं समजायला बरं वाटतंय.

झाडं तर त्यांनी नातेवाईक भेटावेत तशी ओळखली. सिद्र म्हणून ज्याच्या मधाची इथे एवढी किंमत, ते बोर. वाकड्या खोडाचं समर, ती बाभळीतलीच एक. एका घळीत शेंगा लोंबणारं उंच झाड होतं. अण्णांनी शेंग मोडून वास घेतला आणि म्हणाले, "शेवग्याचा भाऊ." आणि मग एका पडीक शेतात ते एकदम खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेले तर त्यांच्या हातात पानं होती, जाडसर, पोपटी, आणि तोंडातही एक होतं.

"चुका," ते म्हणाले.

खरंच चुका. अख्खं शेतभर, कोणी न पेरता उगवलेला आंबट चुका. पुण्यात मंडईत ज्याची जुडी घेते तो. सोळा वर्षं मी शारजातल्या सुपरमार्केटमध्ये त्याला शोधत होते.

ओढणीत भरभरून आणला. अबू सालेमच्या बायकोला सगळे उम्म सालेम म्हणतात. त्यांना हिंदी येत नाही, मला अरबी येते ती टॅक्सीपुरती. पण चुका बघून त्यांनी "हुमेद" म्हणत एक पान तोंडात टाकलं आणि मला सरळ आपल्या स्वयंपाकघरात नेलं. त्या तापलेल्या लोखंडी तव्यावर हाताने पीठ फिरवून रगाग करत होत्या. कागदासारखी पातळ, कुरकुरीत भाकरी. आपल्याकडचे मांडे करणाऱ्या बायकांचा हात असाच सरसर फिरतो. शेजारच्या शेगडीवर मी डाळ-शेंगदाणे घालून चुक्याची पातळ भाजी केली, वरून लसणीची फोडणी. फोडणीचा धूर झाला तशा त्या खोकत हसल्या. त्यांच्याकडे हुमेद कच्चाच खातात, शिजवतात हे त्यांना नवीन होतं. जेवताना अबू सालेमनी रगागचा तुकडा भाजीत बुडवला, चावला, थोडं थांबले आणि वाटी पुढे केली. अण्णांनी त्या दिवशी अडीच रगाग खाल्ल्या. मी मोजल्या, पण दाखवलं नाही.

टाकं

जेवण झाल्यावर अबू सालेम पाणी आणायला गेले आणि लगेच परतले. म्हणाले, टाक्यात जनावर पडलंय.

किल्ल्यांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात, तसंच ते टाकं. अबू सालेमच्या आजोबांनी खोदलेलं. पावसाचं पाणी उतारावरून त्यात यायचं. दोन पुरुष खोल. गेल्या वर्षी गळतं म्हणून त्यांनी आतून सिमेंटने गुळगुळीत करून घेतलं होतं. पाणी तळाशी कमरेएवढं उरलेलं, आणि एका कोपऱ्यात जेमतेम हातभर दगड पाण्यावर होता. त्या दगडावर एक खोकड बसलं होतं.

कोल्ह्याच्या जातीतलं हे खोकड मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मांजराएवढं अंग, त्याहून मोठे वाटणारे कान, आणि अंगाएवढीच लांब झुपकेदार शेपटी. ती भिजून दोरीसारखी झाली होती. डोळ्यांपासून नाकापर्यंत काळी रेघ. समोरची भिंत नखांनी ओरबाडलेली दिसत होती, पुरुषभर उंचीपर्यंत. तिथवर उड्या मारून मारून ते थकलं होतं. आम्ही डोकावलो तसं ते थरथरायला लागलं.

अबू सालेमनी दोर आणला होता. फास टाकून ओढू म्हणाले. अण्णांनी दोरावर हात ठेवला. "नहीं. गले में फास बैठेगा." मग पिंजऱ्याची गोष्ट निघाली. अबू सालेमचा पुतण्या दुसऱ्या दिवशी दुपारी खालून पिंजरा आणू शकला असता. अण्णांनी त्यालाही मान हलवली. मग ते जे बोलले ते मराठीत बोलले, मला आणि रियाला उद्देशून, आणि मी ते अबू सालेमना सांगितलं. एकदा त्यांच्या हद्दीत विहिरीत एक भेकर पडलं होतं. अख्खा गाव काठावर जमला. अण्णा तेव्हा नवीन होते, लोकांना हटवायचं त्यांना सुचलं नाही. ते जाळी आणायला गेले आणि परत आले तेव्हा भेकर मेलेलं होतं. पाणी उथळ होतं, ते बुडालं नव्हतं.

"माणसं बघत हुती म्हणून मेलं," अण्णा म्हणाले. "त्याला वाट द्यायची आणि आपण जायचं. एवढंच काम असतंय."

त्यानंतरचा तासभर मी अण्णांना पहिल्यांदा कामावर पाहिलं. त्यांनी आम्हा सगळ्यांना काठापासून मागे केलं. आवाज खाली. अबू सालेमच्या शेडमधून परांचीची जुनी लांब फळी आणली. फळी गुळगुळीत, ओल्या पायांना धरवणार नाही, म्हणून तिला गोणपाट गुंडाळला आणि वीत-वीत अंतरावर सुतळीचे आडवे वेढे घातले. दोन्ही म्हाताऱ्यांनी मिळून ती कोपऱ्यातल्या दगडाच्या बाजूने इतकी सावकाश खाली सोडली की पाण्यावर तरंग उठला नाही. खोकड दगडाच्या दूरच्या कडेला चिकटलं आणि डोळे मिटून घेतले. वरच्या टोकाला दगड रचून फळी घट्ट केली.

मग अण्णांनी रियाला उम्म सालेमकडून पिठाची चाळण मागून आणायला पाठवलं. दोघांनी मिळून बांधाखालची माती चाळली आणि फळी जिथे वर येत होती तिथे काठावर चांगली खाटेएवढी पसरली, हाताने सपाट केली. जंगलात जनावरांची मोजदाद करताना अशीच करतात. कोण आलं, कोण गेलं, ते माती ठेवते. रियाला रात्री टॉर्च घेऊन बघायला यायचं होतं. अण्णांनी नाही म्हटलं. "पण मग वुई वोंट सी इट," ती म्हणाली. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "आपल्याला दिसावं म्हणून ते न्हाई निघणार बाळा."

ती अबू सालेमबरोबर चाळण परत द्यायला गेली. अण्णा आणि मी लांब, तीन शेतं वरच्या बांधावर जाऊन बसलो. तिथून टाक्याचा काठ तेवढा दिसत होता. सूर्य उतरत होता, खाली एकामागे एक डोंगरांच्या कडा आणि त्यापलीकडे समुद्र पितळेसारखा.

अण्णाच म्हणाले, "हिला लई यायचं हुतं हिकडं."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तुम्ही दोनदा तिकिटं पाठवलीत. दोन्ही बारीला मी मोडलं. म्हणलं, वाळूत काय बघायचंय. ती एकदाबी भांडली न्हाई. बॅग भरलेली हुती, ती उपसून ठिवली." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि आता मी आलो. एकटा."

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं काहीतरी. पण ते तोंडून निघेना, कारण गेली कितीतरी वर्षं माझ्याजवळही एक गोष्ट होती आणि ती मी निखिललासुद्धा सांगितलेली नव्हती.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. दोन्ही वेळा. रिया लहान होती, माझी नोकरी नवीन होती, तेव्हाचं घर एका खोलीचं. मला वाटायचं, तीन महिने कसं निभवायचं. फोनवर मी आईंना या ना म्हणत होते आणि मनात म्हणत होते, नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टाक्याकडेच बघत होते. मला वाटलं, हे बोलायला नको होतं. सोळा वर्षांत जपलेलं मी एका वाक्यात घालवलं.

"तिला ठावं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"म्हणायची, मृणालची वढाताण हाय. आत्ता गेलो तर तिच्या जीवावर यील. पोरगी मोठी झाल्यावर जाऊ." मग थोड्या वेळाने, "राग न्हवता तिचा. तुझ्यावर न्हवता. माझ्यावर हुता का ते इचारायचं राहून गेलं."

मी रडले. अण्णांनी खिशातून रुमाल काढून आमच्या दोघांच्या मध्ये बांधावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. मी तो घेतला. ऊन गेलं, वारा गार झाला. टाक्याच्या काठावर काही हललं नाही. अंधार पडायच्या आत अण्णा उठले आणि म्हणाले, "चल. आपण बसलोय तवर ते यायचं न्हाई."

माती

सकाळी रिया आमच्या आधी उठून दाराशी उभी होती, पण एकटी गेली नव्हती. अबू सालेमना घेऊन चौघंही गेलो. अण्णांनी सगळ्यांना दहा पावलांवर थांबवलं आणि रियाला एकटीला पुढे घेतलं. टाक्यात डोकावून पाहिलं. कोपऱ्यातला दगड रिकामा होता. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता, आणि तळाशी काही नव्हतं. एवढं बघून झाल्यावरच अण्णांनी श्वास सोडला.

"मला जवळचं धूसर दिसतंय," ते रियाला म्हणाले. "तू वाच."

ती मातीजवळ पोटावर पालथी पडली. गोणपाटावर चिखलाचे ठिपके होते. मातीवर पहिली पावलं खोल, नखांसकट. मग चारही पावलं एका जागी, आणि त्यांच्याभोवती बारीक बारीक खळगे.

"हिअर इट स्टॉप्ड," रिया म्हणाली. "अँड… आजोबा, हे डॉट्स काय आहेत?"

"अंग झाडलं त्यानं. पाणी उडालं."

मग पावलं पुढे, उताराकडे. रिया त्यांच्या मागोमाग सरकत गेली आणि थांबली. मातीच्या बाहेरच्या कडेला आणखी पावलं होती. तशीच, पण थोडी लहान. ती टाक्याकडून आलेली नव्हती, टाक्याकडे आलेली होती. काठापासून दोन हातांवर माती जरा दबलेली, बशीएवढी, आणि तिच्यामागे शेपटी फिरल्याचा अर्धगोल. तिथे कोणी तरी बसलं होतं. पुढे उताराकडे जाणाऱ्या पावलांमध्ये दोन्ही मापं होती.

रिया उठून बसली. कोणी तरी त्याची वाट बघत बसलं होतं, असं तिने ठामपणे जाहीर केलं. अबू सालेम लांबून सगळं ऐकत होते. त्यांनी दाढीवर हात फिरवला. "बीवी," ते म्हणाले.

अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि त्या बशीएवढ्या खळग्याकडे डोळे बारीक करून खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आधी येऊन गेलेलं असंल. न्हाईतर मागनं आलं असंल. माती सगळं सांगत न्हाई, बाळा. दोन हुती एवढं खरं."

त्यांनी एवढंच म्हटलं. पण फळी काढायला अबू सालेम पुढे झाले तेव्हा अण्णांनी त्यांना थांबवलं. दोघं काही बोलले. मग अबू सालेमनी सिमेंटची अर्धी गोणी आणि घमेलं आणलं, आणि आमची निघायची वेळ टळून गेली तरी दोघं म्हातारे फळीचं वरचं टोक काठात पक्कं बसवत राहिले. निघताना उम्म सालेमनी मला रगागचं पुडकं दिलं. मी त्यांना फोडणीसाठी आणलेली हिंगाची डबी दिली. त्यांनी उघडून वास घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

खाली

अण्णा ठरल्याप्रमाणे मार्चअखेर गावी गेले, हे इथेच सांगून टाकते. निखिलने खूप आग्रह केला. ते म्हणाले, मला तिथं राहायचंय, आणि तुम्ही रुसू नका. या वेळी जायचं म्हणताना त्यांच्या बोलण्यात कुठे पळून जाणं नव्हतं. जुलैत रियाची शाळा बंद झाली की ती आणि मी महिनाभर जाणार आहोत. फ्लॅटमधल्या माणसांना सडा दाखवायचाय, असं ते फोनवर म्हणाले.

पण त्या दिवशी उतरताना यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी वळणांवर लक्ष ठेवून होते. हायवेला लागलो आणि अण्णा मागे वळून रियाशी बोलायला लागले. आई नवीन लग्न होऊन जंगलातल्या क्वार्टरवर आल्या होत्या, ती गोष्ट. मीसुद्धा ती कधी ऐकलेली नव्हती. पहाटे दाट धुकं. परसात काहीतरी मोठं, काळं उभं राहून आईंची कोथिंबीर खातंय. आईंना वाटलं, पाटलांची म्हैस. त्या केरसुणी घेऊन बाहेर गेल्या आणि दिल्या दोन पाठीत.

"मग?" रिया म्हणाली.

"मग त्यानं मान वर केली," अण्णा म्हणाले. "आणि हिनं त्याचं पाय बघितलं. चारी पायांत पांढरं मोजं. गवा हुता."

रिया इतकी हसली की तिचा सीटबेल्ट आवळला. अण्णाही हसत होते, डोळे पुसत होते, आणि सांगत होते की आधी गवा पळाला की आजी, हे त्या दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. समोर अल नहदाच्या एक्झिटचा बोर्ड आला. इथे एक एक्झिट चुकला की दुबईतून वळसा घालून यायला अर्धा तास जातो. एक्झिटसाठी धरलेली उजवीकडची लेन मी सोडली आणि सरळ पुढे गेले.

"मम्मा, यू मिस्ड इट," रिया म्हणाली.

"हो, चुकला," मी म्हटलं. "अण्णा, पुढे काय झालं?"